घोडेस्वार नायक आणि घाटातली माणसे

१

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याला आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. पन्नाशी ओलांडलेली तीस-पस्तीस माणसे. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी चिंचवडच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, आणि माझ्यासारखे दोघे-तिघे मास्तर. जेवणे झाल्यावर एकाने भिंतीवर चादर लावून जुन्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकांतले तुकडे दाखविले. पांढऱ्या घोड्यावरचा मुखवटा घातलेला 'लोन रेंजर', 'गनस्मोक'मधला उंचापुरा मार्शल, 'बोनान्झा'च्या आरंभी पेट घेणारा नकाशा आणि दौडत येणारे चौघे बाप-लेक. धून सुरू झाली की सगळे ताल धरीत होते. मीही धरला. शेवटी एक मित्र भारावून म्हणाला, "काय दिवस होते रे! तेव्हाचे हीरो खरे हीरो होते. जात नाही, पात नाही, राजकारण नाही. अन्याय दिसला की बंदूक काढायची, काम झालं की निघून जायचं."

कोणी आक्षेप घेतला नाही. मीही घेतला नाही. त्या वेळी न दिलेले उत्तर येथे लिहीत आहे.

ह्या मालिका मी पाहिल्या त्या १९८४-८५ च्या सुमारास. माझे वडील घाटात गँगमन होते. आई तुंगार्लीच्या एका बंगल्यावर धुणीभांडी करी. बंगल्याचे मालक मुंबईचे, शनिवार-रविवारी येत. त्यांच्याकडे रंगीत दूरदर्शन संच आणि व्हिडिओ होता. परदेशातल्या नातेवाइकांमुळे त्यांच्याकडे अमेरिकन मालिकांच्या कॅसेटी येत. मुले आत गालिच्यावर बसून पाहत, मी पडवीच्या दारातून पाही. इंग्रजी कळत नसे. पण घोडा, धूळ आणि बंदूक यांना भाषा लागत नाही. तहान लागली तर पडवीतल्या नळाशेजारी कोनाड्यात कान तुटलेला एक कप ठेवलेला असे. तो आमचा. आईचा आणि माझा. मालकीणबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. दिवाळीला आईला लुगडे देत, माझ्या वह्या घेऊन देत. पण कप कोनाड्यातच राहिला.

जे नायक माझ्या मित्रांनी गालिच्यावर बसून पाहिले ते मी उंबऱ्याबाहेर उभा राहून पाहिले. आज ते आणि मी एकाच तालावर टाळ्या वाजवतो. स्मरणरंजनाचे हे काम मोठे चमत्कारिक आहे. ते उंबरा पुसून टाकते. म्हणून त्याची समीक्षा करणे हा करमणुकीचा प्रश्न नसून आपल्या जाणिवेचा प्रश्न आहे, असे मला वाटते.

२

प्रथम हे मान्य केले पाहिजे की हे नायक आम्हाला आवडले, आणि ते आवडणे खोटे नव्हते. दलित समीक्षेत कधी कधी एक सोपी वाट धरली जाते: अमुक कलाकृती शोषकांच्या वर्गाची, म्हणून ती टाकाऊ, आणि तिच्यात रमलेला आमचा पोरगा भुललेला. असे म्हणून भागत नाही. बारा वर्षांचा मुलगा ज्याच्यात रमतो त्यात त्याची काहीतरी भूक भागत असते. ती भूक कोणती, हे आधी पाहिले पाहिजे.

'द लोन रेंजर' १९३३ साली डेट्रॉईटच्या रेडिओवर सुरू झाला आणि १९४९ ते १९५७ पर्यंत दूरचित्रवाणीवर चालला. 'गनस्मोक' १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षे चालून ६३५ भागांची झाली. 'बोनान्झा' १९५९ ते १९७३ पर्यंत टिकली. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत संध्याकाळच्या वेळी अशा पंचवीसहून अधिक मालिका एकाच वेळी चालू होत्या. म्हणजे हे दहा-वीस कथाकारांच्या लहरीचे काम नव्हते. एका राष्ट्राने स्वतःला रोज संध्याकाळी सांगितलेली ती स्वतःची पुराणकथा होती. तिचा साचा ठरलेला. एक परका माणूस गावात येतो. त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. तो दारूच्या गुत्त्यात शिरतो. त्या गुत्त्याला तिकडे सलून म्हणतात. सगळे वळून पाहतात. तो पेला मागतो. गुत्तेवाला पेला पुढे सरकवतो.

दारात उभा असलेला मी त्या पेल्याकडे पाहत असे. गोळीबार पुढे होणारच होता, पण माझे लक्ष पेल्यावर. अनोळखी माणूस गावात आला आणि त्याला कोणी आडनाव विचारले नाही! गावाचे नाव विचारून, मग आळीचे नाव विचारून, मग बापाचा धंदा विचारून हळूच जातीपर्यंत पोचण्याची जी कला आपल्या समाजाने सिद्ध केली आहे, ती त्या गावात कोणाला येतच नव्हती. ज्या पेल्यातून तो प्यायला त्यातूनच त्याच्या नंतरचा पिणार होता. आमच्याकडे सलून म्हणजे केस कापण्याचे दुकान. आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांत त्या दुकानाच्या खुर्चीवर आमच्या माणसाला बसू दिले जात नव्हते. तिकडच्या सलूनमध्ये मात्र कोणीही शिरत होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी जे करावे लागले ते ज्याला ठाऊक आहे, त्याला ह्या साध्या पेल्याचे मोल समजेल.

तेव्हा आमच्या आवडीच्या मुळाशी अनामिकतेची ही भूक होती. जात न विचारली जाण्याची भूक. मित्र म्हणाला "जात नाही, पात नाही", तेव्हा तो करमणुकीबद्दल बोलत होता. माझ्या दृष्टीने तोच त्या मालिकांचा खरा आशय होता. फरक इतकाच की त्याला जात नसलेले जग सापडले असे वाटत होते, आणि मला तसे जग कुठेतरी असू शकते एवढाच दिलासा मिळत होता.

३

पण ते जग खरेच तसे होते काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर मला कॅसेटीत मिळाले नाही. पुढे वाचनात मिळाले. जेम्स बाल्डविन ह्या काळ्या अमेरिकन लेखकाने १९६५ साली केंब्रिज येथील वादसभेत आपल्या बालपणाची एक आठवण सांगितली होती. पडद्यावर गॅरी कूपर इंडियनांना मारत असतो, मूल कूपरच्या बाजूने असते. आणि पाचव्या-सहाव्या वर्षी कधीतरी त्या मुलाला धक्का बसतो की मारले जाणारे इंडियन आपणच आहोत. बाल्डविनचे हे म्हणणे मी वाचले तेव्हा मी शिक्षक झालो होतो. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. पडवीतला मी सबंध वर्ष घोडेस्वाराच्या बाजूने होतो.

आता त्या कथांतली माणसे पुन्हा एकदा मोजून पाहा. लोन रेंजरचा सोबती टोंटो. स्पॅनिश भाषेत ह्या शब्दाचा अर्थ मूर्ख असा होतो. तो वाट दाखवतो, माग काढतो, मार खातो, जखमी नायकाला वाचवतो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो. ज्या नटाने त्याचे काम केले तो जे सिल्व्हरहील्स हा कॅनडातील मोहॉक जमातीचा माणूस. त्याला इंग्रजी उत्तम येत होते. मोडके बोलणे हा त्याच्या कामाचा भाग होता. पुढे १९६० च्या दशकात त्यानेच मूलनिवासी नटांसाठी लॉस एंजेलिसला कार्यशाळा काढली. आपल्या नाटक-सिनेमांतला गावकुसाबाहेरचा माणूस आठवा: इमानी, भोळा, अशुद्ध बोलणारा, मालकासाठी जीव देणारा. टोंटो काही आम्हाला परका नाही. त्याची भाषा मोडकी ठेवली जाते, कारण ती सरळ झाली तर तो प्रश्न विचारील.

'बोनान्झा'च्या प्रचंड वाड्यात हॉप सिंग नावाचा चिनी स्वयंपाकी आहे. तो रांधतो, चिडतो, लोकांना हसवतो. ज्या चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रेल्वे नेली, त्यांच्यातला एवढा एकच त्या वाड्यात शिल्लक राहिला, तोही चुलीपाशी. काळा माणूस तर जवळजवळ दिसतच नाही. वस्तुतः गुरे हाकणाऱ्या काऊबॉयांत चारांपैकी एक काळा असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बास रीव्ह्ज नावाचा एक डेप्युटी मार्शल गुलाम म्हणून १८३८ साली जन्मला आणि पुढे तीन दशके कायद्याचे काम करीत राहिला. तीन हजारांहून अधिक माणसे त्याने पकडली असे सांगतात. 'गनस्मोक'च्या ६३५ भागांतल्या मार्शलपेक्षा तो कमी शूर नव्हता. पण त्याच्या जीवनावर मोठी मालिका येण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

म्हणजे सलूनचे दार सर्वांना उघडे होते हा आमचा समज खोटा. ज्यांना उघडे नव्हते त्यांना कथेच्या बाहेर ठेवले होते, एवढेच. त्यांचा कपही कुठल्यातरी कोनाड्यात असणार. फक्त कॅमेरा तिकडे वळत नव्हता.

आणखी एक गोष्ट. 'गनस्मोक'ची कथा घडते ती १८७० च्या दशकात, कॅन्ससमधल्या डॉज सिटीत. त्याच दशकात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली; काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या त्यांच्या कार्यासाठी. जोतीरावांनी त्या अमेरिकेकडे पाहिले आणि त्यांना बंदूक दिसली नाही, तुटलेली बेडी दिसली. शंभर वर्षांनंतर, १९७२ साली, मुंबईच्या तरुणांनी पुन्हा त्याच देशाकडे पाहिले आणि काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव घेतले. अमेरिकेकडे पाहण्याची आपली एक परंपरा आहे आणि ती फार जुनी आहे. आमच्या मेळाव्यात चादरीवर जी अमेरिका दिसत होती ती ही नव्हे. जुन्या आठवणींत रमताना आपण कोणती अमेरिका आठवतो, ह्यावरून आपण कोठे उभे आहोत ते ठरते.

४

आता घराकडे वळू. कारण लोणावळ्याच्या माणसाला घोडेस्वार, डोंगर आणि आगगाडी यांची कथा पाहण्यास अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. ती आमच्या घाटातच घडलेली आहे.

बोरघाटातून रेल्वे नेण्याचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. सुमारे २५ किलोमीटरच्या चढणीत १,८३१ फूट उंची गाठायची होती; २५ बोगदे खणावे लागले. ऐन भरात, १८६१ च्या सुमारास, ४२ हजारांवर मजूर घाटात राबत होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने, कड्यावरून पडून हजारो मेले. १८५९ च्या आरंभी मजुरीच्या प्रश्नावरून मजूर खवळले होते. घाटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव लिहिले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, ठेका पुरा केला, हेही लिहिले. आणि ते लिहिण्यासारखे आहेच. पण दोरीने कमरेला बांधून घेऊन कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांपैकी एकाचेही नाव शाळेत आम्हाला कोणी शिकविले नाही. त्यांत कोण होते? जमीन नसलेले, दुष्काळात गाव सोडलेले, गावकीच्या कामातून सुटू पाहणारे. आमच्या समाजातली कितीतरी घरे रेल्वेच्या आधाराने गावकुसाबाहेरून निघाली. माझ्या वडिलांच्या गँगमध्ये आजोबा-पणजोबांपासून रूळ ठोकणारे होते.

अमेरिकेत १० मे १८६९ रोजी पूर्वेची आणि पश्चिमेची रेल्वे प्रॉमंटरी येथे जोडली गेली. त्या प्रसंगाचे प्रसिद्ध छायाचित्र आहे. इंजिने समोरासमोर, माणसे हात मिळवीत. हजारो चिनी मजुरांनी जो मार्ग बांधला त्याच्या त्या छायाचित्रात चिनी चेहरे शोधावे लागतात. आमच्या घाटाची कथा तिच्या सहा वर्षे आधीची आणि अगदी तीच.

इतकेच काय, आमच्या घाटात एक टोंटोही आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोलीच्या वर शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोक सांगतात ते असे: साहेबांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा गुरे-मेंढरे घेऊन फिरणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराने वाट दाखविली. साहेब म्हणाले, बक्षीस माग. तो म्हणाला, आमचे स्वातंत्र्य द्या. साहेबांनी त्याला गोळी घातली. कागदोपत्री हे सिद्ध होवो न होवो, घाटातल्या लोकांनी दीडशे वर्षे ही कथा जपली ह्याला अर्थ आहे. पुस्तकांनी अभियंत्याचे नाव ठेवले. लोकांनी वाट दाखविणाऱ्याचे. आणि लोकांच्या कथेतला वाटाड्या टोंटोसारखा मोडके बोलत नाही. तो सरळ बोलतो, स्वातंत्र्य मागतो, म्हणून मारला जातो. आज गाडीतून जाणारे त्याच्यापुढे नाणे टाकतात. मागणी कोणाच्या ध्यानात नसते.

ह्याच घाटाच्या पायथ्याशी खोपोलीजवळ इमॅजिका नावाचे करमणुकीचे उद्यान २०१३ साली उघडले. त्यात 'गोल्ड रश एक्सप्रेस' नावाची खेळातली गाडी आहे. सोन्यासाठी पश्चिमेकडे धावलेल्या अमेरिकेच्या त्या जगात ती मुलांना फिरवून आणते. आमच्या शाळेची सहल तेथे गेली होती. मुले त्या गाडीत बसून किंचाळली, खूश झाली. त्यांच्या आनंदाला माझा विरोध नाही. पण मी खाली उभा राहून वर पाहत होतो. वर खऱ्या घाटात खरी गाडी चढत होती, खऱ्या बोगद्यात शिरत होती. आणि माझ्या बरोबरच्या साठ मुलांपैकी एकालाही ते बोगदे कोणी खणले हे ठाऊक नव्हते. चूक मुलांची नाही. मी त्यांचा इतिहासाचा शिक्षक आहे.

आपल्या चित्रपटाने घोडेस्वाराला आपलासा केला तो 'शोले'त, १९७५ साली. त्यातला आगगाडीवरच्या दरोड्याचा प्रसंग घाटाखाली पनवेलच्या बाजूला चित्रित झाला. 'शोले'वर पुष्कळ लिहिले गेले आहे; मी एकच गोष्ट नोंदवतो. जय आणि वीरू यांना जात नाही. ते कुठूनही आलेले, कोणाचेही असू शकणारे. पण ज्याच्या गावाचे ते रक्षण करतात त्याला सारे गाव जातीवरूनच हाक मारते: ठाकूर! आयात केलेल्या नायकाची जात पुसली गेली आणि गावाच्या मालकाची जात हीच त्याची पदवी झाली. नायक बदलला, गाव बदलले नाही. हे गाव वाचविण्यासाठी जो मरतो, त्याला ह्या गावात घर मिळाले असते काय, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही.

५

येथे एक आक्षेप येईल. मास्तर, तुम्ही पोरांचे घोडे काढून घेता. त्या जागी देता काय?

उत्तर आपल्या वाङ्मयातच आहे. ज्या १९५९ साली अमेरिकेत 'बोनान्झा' सुरू झाली, त्याच साली अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला ती अर्पण केलेली आहे. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिरा हा मांग समाजातला तरुण. त्याच्याकडे घोडा आहे, तलवार आहे, दऱ्याडोंगर आहेत. भुकेल्या माणसांसाठी तो सरकारी खजिना लुटतो. पडवीतल्या मुलाला जे जे हवे ते सर्व त्यात आहे. मग फरक कोणता?

घोडेस्वार बाहेरून येतो आणि काम झाले की निघून जातो. फकिरा कोठून येत नाही. तो तेथलाच असतो. घोडेस्वाराला मागे कोणी नसते, म्हणून तो मोकळा. फकिराच्या मागे अख्खी वस्ती असते, रोजची हजेरी लावलेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या आणि १९५२ पर्यंत तो कायदा कोणत्या ना कोणत्या स्वरूपात चालू होता; अमेरिकेने मूलनिवासींना राखीव प्रदेशांत कोंडले, त्याच जातीची ही गोष्ट. म्हणून सरकार फकिराला पकडू शकत नाही तेव्हा त्याच्या माणसांना पकडते, आणि त्यांना सोडविण्यासाठी फकिरा स्वतः हजर होतो. घोडेस्वाराच्या कथेचा शेवट मावळतीकडे जाण्यात आहे. फकिराच्या कथेचा शेवट परत येण्यात आहे. ज्या समाजाला निघून जाण्याची सोय नव्हती त्याने घडवलेला हा नायक आहे. घोडेस्वाराला जात विचारली जात नाही, कारण ती ठेवायला त्याला गाव नाही. फकिराला जात आहे, आणि ती असूनही त्याने माणूस म्हणून उभे राहून दाखविले. मला हे अधिक अवघड आणि अधिक मोठे वाटते.

पण येथेच थांबलो तर मीही मित्रासारखेच स्मरणरंजन करीन; फक्त माझा घोडा वेगळा असेल. आपल्या चळवळीत हे होत नाही काय? फकिरा, उमाजी, पँथरचे दिवस, अमुक मोर्चा, तमुक भाषण: पन्नाशीपुढचे आम्ही कार्यकर्ते एकत्र बसलो की आमच्याही चादरीवर जुने तुकडे सुरू होतात. "काय दिवस होते रे" हे वाक्य मी आपल्या सभांतही ऐकले आहे. आणि प्रत्येक वेळी त्या बोलण्याच्या पोटात एक वाट पाहणे असते. पुन्हा कोणीतरी येईल, घोड्यावरून उतरेल आणि करील.

१९४३ च्या जानेवारीत, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त, पुण्यात गोखले स्मारक सभागृहात बाबासाहेबांनी जे भाषण केले त्याचा विषयच थोर पुरुष कोणाला म्हणावे आणि विभूतिपूजा कोठे नेते हा होता. मोठ्या माणसाचा आदर आणि त्याच्या पायी आपली बुद्धी वाहणे ह्यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी पुन्हा बजावले की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे. तळेगाव दाभाड्याला त्यांचे घर होते. १९५४ च्या २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात त्यांनी बुद्धमूर्ती स्थापिली. आम्हा मावळच्या लोकांना ही जवळीक अभिमानाची वाटते. पण ज्या मूर्तीची त्यांनी स्थापना केली ती कोणा तारणहाराची नाही. मी तुम्हाला तारीन असे बुद्ध म्हणाला नाही. त्याने मार्ग दाखविला. घोडेस्वारात आणि त्याच्यात हाच भेद आहे.

लोणावळ्याहून दहा-बारा किलोमीटरवर कार्ल्याचे चैत्यगृह आहे. सहलीला येणारे तेथे छायाचित्रे काढतात आणि खाली उतरतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्यात ब्राह्मी अक्षरांत नावे कोरलेली आहेत. सेठ भूतपाल आहे. तसाच धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, यवन आहेत. आणि ज्याने दार घडवले तो सामी नावाचा सुतारही आहे. सुताराचे नाव! ज्या डोंगरात ख्रिस्तपूर्व-ख्रिस्तोत्तर काळात एका सुताराचे नाव दगडात राहिले, त्याच्या शेजारच्या डोंगरात १८६३ पर्यंत हजारो माणसे मेली आणि एकाचेही नाव राहिले नाही. प्रगती कोणाची झाली, हे वाचकांनी ठरवावे.

म्हणून मी नायक बदलून मागत नाही. नावांची यादी मागतो. ह्या वर्षीपासून सातवीच्या मुलांना मी एक काम दिले आहे: घरातल्या किंवा आळीतल्या एका माणसाकडून विचारून यायचे, तुमच्या आजोबांनी, पणजोबांनी, आजीने कोणते काम केले, कोठे केले, किती मजुरीवर केले, आणि त्यांचे पूर्ण नाव लिहायचे. पहिल्या आठवड्यात बत्तीस नावे आली. गँगमन, हमाल, धरणावरची बिगारीण, कोळसा पाडणारी कातकरी आजी, बंगल्यावरची मोलकरीण. एका मुलीने लिहिले होते, "आजीचे नाव कोणाला आठवत नाही, तिला सगळे मावशी म्हणत." तिला मी म्हणालो, "बाळ, पुन्हा विचार. मोठ्या आत्याला विचार." चार दिवसांनी ती नाव घेऊन आली.

ही वही छापण्यासारखी नाही. तिच्यात घोडे नाहीत, बंदुका नाहीत. पण पुढच्या मेळाव्याला मी ती घेऊन जाणार आहे, आणि मित्राने चादर लावली तर त्याच्या कार्यक्रमानंतर दहा मिनिटे मागणार आहे. माझ्या आईचे नाव त्या वहीत पहिल्या पानावर आहे. कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच: आपापल्या वस्तीत अशी एक वही उघडावी.